लय पाहिजे

लातूर नवा जिल्हा झाला, कचेरीवर नवी पाटी चढली. उदगीरच्या या गल्लीतल्या नळाला मात्र ते कुणी कळवलं नाही. तो कोरडाच. दुष्काळात टँकर यायचा आणि सारखे दिसणारे ड्रम मागेपुढे सरकवण्यावरून रोज झोंबाझोंबी व्हायची. शेवटी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला. ड्रमांवर नंबर टाकायचं काम रेवणसिद्धकडे आलं.

रेवणसिद्ध चित्रकार. त्याच्या चित्रात ना माणूस, ना झाड, नुसते रंग. गल्ली त्या चित्रांना डाग म्हणायची. बायको दानम्मासुद्धा.

त्यानं नंबर टाकलेच नाहीत. चिठ्ठ्यांच्या क्रमानं ड्रम लावले आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकच निळा पट्टा वरखाली नाचवला. मध्ये हळदी ठिपके, दोन जवळ, एक लांब, हलगी वाजावी तसे.

"आकडे कुठंयत?" किराणावाले गुरुबसप्पा खवळले.

"आकड्यात काय हाय, अण्णा? रंगाला लय पाहिजे."

"लय कशाला? पत्र्याचा ड्रम हाय, थोडा लावला तरी भागलं असतं!"

"लई न्हाई हो, लय! ताल!"

"ताल तुझ्या डोक्याला!"

दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि शेजारची धोंडाबाई किंचाळली, "थांबा! पट्टा तुटला! इथं निळं वर चढलंय, अन् पुढच्या ड्रमावर पार बुडालंय! ठिपकेबी चुकले!"

गुरुबसप्पांनी वाकून पाहिलं. "हाव की! लय बिघडली! कुणीतरी मधी घुसलंय!"

रेवणसिद्धचे डोळे भरून आले. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याचं चित्र कुणीतरी नीट पाहिलं होतं.

"कुणाचा हाय रे ह्यो ड्रम? तूच सांग," गुरुबसप्पा त्याला म्हणाले.

तो जवळ गेला. पट्टा जिथं संपायचा, त्या शेवटच्या ड्रमावर त्यानं एकच लाल थेंब ठेवला होता. तो थेंब पुढून तिसऱ्या जागी उभा होता. शेवटची चिठ्ठी त्याच्याच घराला निघाली होती. दानम्मा तोंडाला पदर लावून आभाळ बघत होती.

'चित्रच असं हाय' म्हणाला असता, तर गल्लीनं ऐकलं असतं. पाणीही मिळालं असतं. पण पट्टा तुटलेला त्याला बघवेना.

"माझाच," म्हणत त्यानं ड्रम गडगडत शेवटी नेला. पट्टा जुळला. टँकर त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच संपला.

संध्याकाळी तो दारात खुशीत बसला होता. "दानम्मा, लय कशी बराबर बसली, बघितलं का?"

"बसली ना?" तिनं रिकामा तांब्या पुढ्यात आदळला. "मग आता तीच प्या."