गोव्याहून रिकाम्या हातानं

सगळं नीट जमलं असतं, तर लक्ष्मणरावांचे सव्वादोनशे रुपये वाचणार होते. घाटाखाली गोव्यात पेट्रोल लिटरमागं पाच-सहा रुपयांनी स्वस्त. रामनगरात पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवणाऱ्या माणसानं ही गोष्ट ऐकून सोडून द्यावी, हे शक्यच नव्हतं. जायच्या-यायच्या पेट्रोलचं काय, एवढाच प्रश्न होता, तोही सुटला. घाटाखालच्या मोले गावातल्या एका बागायतदारानं मोटार मागवली आणि पोचवायचं भाडं वेगळं देतो म्हणाला. भाड्यात जाणं-येणं, अन् टाकीतली बचत निव्वळ नफा.

"उद्या पावणे घर बघाय येनार, आनि तुमी आज गोव्याला चाललासा?" बायकोनं, मंगलनं विचारलं.

"दुपारपतोर परत येतोय की."

"ओंकारला तिसावं सरलं. चार ठिकानी नकार आलाय. ही नंदगडच्या देसायाची पोरगी हातची गेली, तर तुमच्या त्या टाकीत तुमास्नीच बुडवीन!"

"बुडवाय आधी टाकी भरलेली पायजे," असं म्हणून लक्ष्मणराव निघाले.

मोबाइलवर पेट्रोल वाचवायचे जेवढे उपाय सापडले, तेवढे त्यांनी केले होते. स्टेपनी काढून पडवीत ठेवली, वजन कमी. एसी बंद. काचाही बंद, कारण वारा आत शिरला की गाडी मागं ओढली जाते. आणि चपला घरीच, कारण अॅक्सिलेटर किती दाबला ते अनवाणी पायालाच नेमकं कळतं.

मोटार पोचली, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि लक्ष्मणराव मनातल्या मनात गुणगुणत घाट चढून कर्नाटकच्या हद्दीत, दारू तपासायच्या नाक्यावर आले.

"एन तंदीरी?" नाक्यावरच्या साहेबानं काय आणलंत ते कानडीत विचारलं.

"पेट्रोल."

साहेब मराठीवर आला. "कॅन कुठं हाय?"

"कॅन कशाला? टाकीत हाय."

"बाकी?"

"बाकी काय न्हाई."

साहेब सावध झाला. मासळीच्या बर्फाखाली बाटल्या आणणारे त्यानं बघितले होते, नवजात पोराच्या दुपट्यात आणणारेही बघितले होते. गोव्याला जाऊन काहीच न आणणारा माणूस मात्र त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच समोर आला होता.

"येवढा घाम कशाला आलाय?"

"एसी बंद हाय."

"बिघडलाय?"

"न्हाई ओ, झक्कास चालतोय."

"मग काच तर उघडायची!"

"काच उघडली की वारा शिरतोय."

साहेब एक पाऊल मागं सरला. "उतरा खाली."

लक्ष्मणराव उतरले आणि तापलेल्या डांबरावर एकदा या, एकदा त्या पायावर नाचू लागले.

"चपला कुठायत?"

"घरात."

डिकी उघडली. स्टेपनीचा खड्डा स्वच्छ मोकळा.

"ह्यात काय होतं?"

"स्टेपनी. ती पन घरात हाय. वजन कमी व्हतंय ना."

"कमी करून कशाचं वजन चढवलंस?"

लक्ष्मणरावांना तोंडानं फुंकायला लावलं. वास आला तो कांद्याचा. साहेब जोडीदाराच्या कानाशी लागला, "स्वतः थेंब घेत न्हाई. म्हंजे धंदा मोठा हाय."

मग मागची सीट निघून रस्त्याकडेला आली. दरवाजांची अस्तरं उचकटली. काहीच सापडेना, तसा साहेबाच्या मनात लक्ष्मणरावांबद्दलचा आदर वाढत चालला. एवढ्यात गोव्याकडून बेळगावची बस येऊन तपासणीला थांबली, आणि खिडकीतून एक ओळखीचं डोकं बाहेर आलं. नंदगडच्या शकुंतलाबाई. मुलीच्या बापाची सख्खी बहीण, आणि हे स्थळ सुचवणारीही तीच.

"अगं बाई, भाऊजी! किती बाटल्या गावल्या ओ?"

सगळी बस ऐकू लागली.

"पेट्रोल आनलंय!" लक्ष्मणराव रस्त्यावरच्या सीटशेजारून ओरडले.

"व्हय, व्हय," म्हणत शकुंतलाबाईंनी मोबाइल काढला.

दुसऱ्या दिवशी मष्णू देसाई बहिणीला घेऊन घर बघायला आले. विहीर बघितली, दुकान बघितलं, स्वयंपाकघर बघितलं. पण बघताना ते मधूनच कपाटामागं वाकत होते. शकुंतलाबाईंनी तर कोकम सरबताचा पेला आधी हुंगला, मग तोंडाला लावला.

शेवटी देसायांनी घसा खाकरला. "नाक्यावरचं समजलं. आमच्यात पन चारजन घेत्यात, लपवाय नगो. पर खरं काय ते सांगा."

"देवाशप्पत सांगतो, पेट्रोलच!" लक्ष्मणरावांनी पंपाची पावती काढून समोर धरली. मग मान राखायच्या भरात सगळंच सांगितलं. स्टेपनी, एसी, काचा, अनवाणी पाय. मंगल त्यांच्या पायावर पाय देत होती, पण अनवाणी पायालाही तेव्हा काही कळलं नाही.

देसायांची नजर बंद पंख्याकडे गेली. तिथून अर्ध्या भरलेल्या चहाच्या कपाकडे.

"शकुंते, पिनारा सासरा परवडला," ते उठत म्हणाले. "ह्यो मानूस आमच्या पोरीनं फोडनीत तेल किती वतलं ते वाकून बघंल. म्हायेराला जातो म्हनली तर म्हनंल, थांब, नंदगडाला मोटार पोचवाय कोन सांगतंय ते बघू."

पायात जोडा गेलाच होता, तेवढ्यात मंगल पुढं झाली. "खोटं बोलाल्यात ते! पेट्रोल कसलं? बाटल्याच आनल्यात. नाक्यावर बी घावल्या न्हाईत, बघा हात किती बसलाय!"

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं. कोपऱ्यात ओंकार उभा होता, डोक्यावरचे केस विरळ होत चाललेला. त्यांनी तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

"व्हय," ते म्हणाले. "दोन."

"बघू तर," देसाई म्हणाले. जोडा अजून पायातच होता.

मंगलचा विचार एवढ्या लांब गेला नव्हता. ती पदराशी चाळा करू लागली. ओंकार मात्र शांतपणे म्हणाला, "बाबांनी कुठं ठिवल्यात मला म्हाईत हाय," आणि आत जाऊन लगेच बाहेर आला. हातात दोन बाटल्या, दोन्ही गोव्याच्या. त्यातली एक निम्म्यावर आलेली.

लक्ष्मणराव पोराकडे बघत राहिले. पोरगा छताकडे बघत राहिला. आता संशय घ्यायची पाळी लक्ष्मणरावांची होती, आणि विचारायची सोय नव्हती.

"उघडलेली बी हाय!" देसायांनी बाटली उजेडात धरली आणि जोडा काढला. "आता कसं मानसासारखं बोललासा! बसा, व्याहीबुवा, जोडीला."

लक्ष्मणरावांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. पोराचं लगीन ठरतंय म्हणून बापाला भरून आलं, असं शकुंतलाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. सुपारी फुटली. जाताना देसाई व्याह्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लग्नाला ह्येच आना. तुमचा हात बसलाय."

पाहुण्यांची जीप वळली, तसा ओंकार जवळ आला. "बाबा, बाटल्यांचे पैसे?"

"कुनाच्या बाटल्यांचे?"

"तुमच्याच की. सगळ्यांसमोर कबूल केलासा."

लक्ष्मणरावांनी पैसे मोजले. सीट आणि अस्तरं बसवून देणाऱ्या गॅरेजवाल्याला त्यांनीच दिले होते, लग्नातल्या बाटल्यांचेही तेच देणार होते. सव्वादोनशे वाचवायच्या त्या खेपेत दुसऱ्या कुणाचा छदामही गेला नाही. ओंकारचा तर नाहीच. निम्मी बाटली त्यानं आधीच पिऊन घेतली होती, आणि बापाकडून पैसे घेतले पुऱ्या दोन बाटल्यांचे.