काळं कुत्रं आडवं आलं!

एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फोन आणि समोर उसाचा ट्रॅक्टर असताना नुसत्या अंदाजावर ओव्हरटेक मारणारा अख्ख्या कोल्हापुरात मी एकटाच! असं मी परवाच्या रविवारी सकाळी अकरापर्यंत छाती ठोकून सांगत होतो.

त्या दिवशी कोडोलीला साडूच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सोनल, म्हणजे आमची सौ., मांडीवर आहेराचा कुकर घेऊन शेजारी बसलेली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या नव्या नवरीसारख्या हळूहळू चाललेल्या.

"अहो, वळण आहे की पुढं!"

"दिसतंय मला."

"मग फोन ठेवा की!"

"अगं, साडूंना सांगतोय, दहा मिनिटांत आलोच म्हणून!"

आणि मी गाडी उजवीकडे काढली. वळणावर दुधाचा टेम्पो दत्त म्हणून हजर! मी डोळे मिटून स्टिअरिंग फिरवलं. गाडीनं रस्ता सोडला, एक तुळस कशीबशी चुकवली आणि एका अंगणाच्या कडेला शेणी रचून केलेल्या, माणसापेक्षा उंच हुडव्यात धाडकन घुसली. भरदिवसा काळोख! मी सवयीनं वायपर लावला, तर काचेवर शेणींचा भुगा इकडून तिकडं फिरायला लागला.

आम्ही दोघं धडधाकट होतो. कुकरही.

बाहेर पडलो तर हातात खराटा घेऊन सत्तरीच्या तानाबाई उभ्या. "आगं आयाई! पावसाळ्याचं माझं सगळं जळण मातीत घातलंस की रं!"

तोवर निम्मी वाडी जमली. ट्रॅक्टर थांबवून त्याचा ड्रायव्हर ज्ञानूही तंबाखू मळत येऊन उभा राहिला. एवढे डोळे माझ्याकडे लागल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी काय करू आक्का? कुत्रं आडवं आलं!"

"कसलं कुत्रं?"

"काळं!"

आता जगात काळी कुत्री काय कमी आहेत? पण त्या वाडीत नेमकं एकच होतं! गणपतरावांचं. तानाबाईंचं आणि गणपतरावांचं बांधावरून सात वर्षं वाकडं. तानाबाई खराट्यासकट त्यांच्या दारात.

"गणप्या! तुझ्या कुत्र्यानं माझा हुडवा पाडला!"

गणपतराव जेवणाच्या ताटावरून उठून आले. "माझं कुत्रं? चौदा वर्सांचं हाय ते! ताटापातूर यायला त्येला अर्धा तास लागतुय. ते गाडीम्होरं पळालं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पळालं नाही," मी म्हणालो, "हळूच आलं."

"मग हळूच आल्यालं दिसलं न्हाय व्हय तुम्हास्नी? काय करता पावणं?"

"चष्म्याचं दुकान आहे."

ज्ञानूला ठसका लागला. सोनलनं मात्र माझ्या हातातला फोन काढून पर्समध्ये टाकला. ती बोलत नाही तेव्हाच मला खरी भीती वाटते.

भांडण चांगलंच पेटलं. बांध निघाला, बांधावरचा आंबा निघाला, कुणाच्या तरी लग्नातला रुसवा निघाला. शेवटी तानाबाई ओरडल्या, "आजच्या आज ते कुत्रं वाडीतनं घालवायचं!"

गणपतराव आत गेले, दोरी घेऊन आले आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधायला लागले. "ऱ्हाऊ दे बाबा, आता भांडायचं बळ न्हाय. आजऱ्याला लेकीकडं सोडून येतो. पर ह्या वयात करमायचं न्हाय त्येला."

ते म्हातारं कुत्रं दोरीसकट लटपटत माझ्याकडे आलं, बूट हुंगला आणि दमून माझ्या पायावरच बसलं. एवढी गर्दी सोडून माझ्याच पायावर!

"सोडा त्याला," मी म्हणालो. आवाज इतका बारीक, की परत सांगावं लागलं. "सोडा त्याला! कुत्रं नव्हतंच. मी फोनवर बोलत होतो. वळणावर ओव्हरटेक मारला. चूक माझी आहे."

ज्ञानूनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मला म्हाईत हुतं की! म्हटलं बघूया, पावणं कवा बोलत्यात."

मी तानाबाईंची माफी मागितली, गणपतरावांची मागितली, ज्ञानूची मागितली. कुत्र्यापुढेही हात जोडले. भरपाई विचारली, तर तानाबाई म्हणाल्या, "नोटा चुलीत घालू व्हय? शेणीला शेणीच पायजे. बाह्या सार वर!"

लोकांनी गाडी ढकलून बाहेर काढली आणि मी शेणाच्या पाटीपुढे बसलो. पहिली शेणी बघून तानाबाई म्हणाल्या, "ही शेणी हाय का जिल्ह्याचा नकाशा?" मग शेजारी बसून त्यांनी शिकवलं. शेणात भुसा किती, हात कसा फिरवायचा, कडा कशी दाबायची. गणपतराव शेणाची दुसरी पाटी घेऊन आले. सात वर्षांनी तानाबाईंच्या अंगणात! मला हसायला म्हणून दोघं एकाच कट्ट्यावर बसली.

सोनल चहा पीत साडूंना फोनवर सांगत होती, "तुम्ही जेवून घ्या. ह्यांना उशीर होईल. शेणी लावायला बसलेत."

चार वाजेपर्यंत एकशे दहा शेणी झाल्या. शेवटच्या वीस तर अगदी गोल! खरं सांगतो, दुकानात इतकं समाधान कधी मिळालं नव्हतं.

"झालं की आक्का!" मी कंबर धरून उठलो.

"झालं कुठं? चार दिसांनी उलटाव्या लागत्यात! कोण, कुत्रं उलटणार हाय?"

गेलो की मग गुरुवारी, दुकान बंद ठेवून. एसटीनं.