संगप्पा मास्तर बसत नाहीत

गावात शिरलं की संगप्पा मास्तर आधी टेम्पो उलटा फिरवायला लावायचे. माणसं उतरलेली नाहीत, ढोल खाली आलेला नाही, नवरीच्या बापानं अजून "या, या" म्हटलेलं नाही, तोवर मास्तर पुढच्या सीटवरून हात बाहेर काढून ओरडायचे, "महबूब, तोंड फिरव! तोंड रस्त्याकडं पायजे." टेम्पोचं तोंड परतीच्या वाटेकडं झालं की मगच त्यांचा पाय जमिनीला लागायचा. बोळ अरुंद असला, तर वेशीपासून मांडवापर्यंत आम्ही मागं मागं सरकत जायचो. कित्येक गावांनी आमचा बँड पहिल्यांदा पाहिला तो पाठीकडून.

या बँडमध्ये मी कॅसिओ वाजवतो. मास्तर क्लॅरोनेट वाजवतात. टेम्पो महबूबभाईंचा, चालवतात तेच, आणि लग्नाच्या ऑर्डरीही तेच घेतात. बाकी ढोल, ताशा, झांजा मिळून टेम्पो भरेल एवढी माणसं. हुमनाबाद, भालकी, आळंद, कधी थेट गुलबर्गा. लग्नसराईत आम्ही जेवढे रस्त्यावर असतो, तेवढे घरात नसतो.

मास्तरांचा एक लाडका शब्द होता, 'नडी'. कन्नडात 'चल' म्हणायचं तर 'नडी' म्हणतात. मास्तर कन्नड बोलत असोत, मराठी बोलत असोत की महबूबभाईंशी हिंदी, प्रत्येक वाक्याच्या पुढं 'नडी नडी' जुंपलेलं असायचं.

"नडी नडी, महबूब. कामून थांबलास?"

"मास्टर, रेल्वे का गेट बंद हय. उपर से उडाऊं क्या?"

"हारन मार की."

"हारन सुनको रेल रस्ता छोडती क्या?"

मग मास्तर खाली उतरून गेटापर्यंत चालत जायचे, रुळाकडं बघायचे, परत यायचे, परत जायचे. रेल्वे यायच्या आत त्यांचा अर्धा कोस होत असावा.

चहासुद्धा ते चालता चालता प्यायचे. टपरीवरून ग्लास घ्यायचा आणि रस्त्यानं चालू लागायचं. चहा संपेल तिथं ग्लास ठेवायचा. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या बैलगाडीच्या जुवावर. तो हुडकून परत द्यायचं काम माझं. टपरीवाल्यांनी कागदी कप ठेवले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला.

पंगतीला तर ते कधीच बसले नाहीत. बुंदी असो, गव्हाची गोड हुग्गी असो, मास्तर भाकरीवर शेंगाची चटणी घेऊन टेम्पोपाशी उभ्यानं खायचे. यजमान आग्रह करायला आले की म्हणायचे, "बसून काय अंडी घालायची हाईत व्हय?" आता समोरचा यजमान गळ्यात लिंग बांधलेला, आणि मास्तरही तसलेच. अंड्याचं नाव ऐकून तो बिचारा मुकाट्यानं निघून जायचा.

कडगंचीच्या बाजूला एका लग्नात तर कमाल झाली. मारुतीच्या देवळापासून मांडवाकडं नवरदेवाचा परण्या निघाला होता. मास्तर वाजवत पुढं, त्यांच्या मागं पळत पळत आम्ही. मास्तरांचं चालणं असं, की ढोलवाल्याला ढोल वाजवावा की सावरावा ते कळायचं नाही. मांडवाच्या दारात पोचलो. नवरीची आई ताट घेऊन उभीच होती. बिचारी लाजरी बाई, मान खाली. वाजाप आलं म्हणजे जावई आला असं समजून तिनं हात पुढं केला आणि मास्तरांच्या कपाळाला कुंकू टेकवलं. ती ओवाळायलाही लागली असती, पण मास्तर तोंडातून क्लॅरोनेट काढून ओरडले, "बाई, मी वाजविनारा हाव!"

खरा नवरदेव मारुतीच्या देवळापाशीच होता. त्याच्या घोड्याला वाटेत कडब्याची पेंडी दिसली होती आणि त्यानं तिथंच जेवण मांडलं होतं. सगळं गाव पोट धरून हसत होतं. मास्तर तेवढे हसले नाहीत. कपाळावर कुंकू घेऊन ते देवळाकडं पळाले आणि नवरदेवालाच ओरडले, "नडी नडी! लगीन तुझं हाय का माझं?"

महबूबभाई कधीकधी म्हणायचे, "दत्ता, पैले ऐसे नै थे मास्टर. लगीन होने के बाद बी उठते नै थे. झाड के नीचे बैठको गाँववालों कू गाने सुनाते. हम बोलते, चलो मास्टर, तो बोलते, रुको मियाँ, क्या जल्दी हय."

मला ते खरं वाटायचं नाही. मी बँडात आलो तेव्हापासून मास्तर असेच. परत येतानाही हळ्ळीखेडच्या फाट्यावर टेम्पो पुरता थांबायच्या आत उडी मारायचे आणि गावाकडं चालू लागायचे. घरापर्यंत सोडतो म्हटलं की "नगं." एकदा घरी येतो म्हटलं तर, "कुत्रं चावतंय."

या उन्हाळ्यात आळंदच्या पुढं एक लग्न होतं. गावात शिरतानाच टेम्पोचा पाटा तुटला. महबूबभाई मिस्त्री आणायला गेले. दुपारी अक्षता पडल्या. वरात संध्याकाळी निघणार होती. मास्तरांनी मांडवाला घातलेल्या फेऱ्या बघून एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "काय नवस केलाव बाबा?" त्यांच्या हातात फोन होता आणि फोनला रेंज नव्हती. ते शाळेच्या पायऱ्यांवर चढले, पाण्याच्या टाकीपाशी गेले, फोन वर धरून उभे राहिले.

ऊन कलायला लागलं आणि ते माझ्याकडं आले. क्लॅरोनेट माझ्या कॅसिओवर ठेवलं.

"दत्ता, हे सांभाळ."

"कामून? कुठं निघालाव मास्तर? वरात हाय की."

"तू वाजव."

कुणीतरी मोटारसायकलवर मोठ्या रस्त्याकडं चाललं होतं. मास्तर त्याच्या मागं बसले आणि गेले.

मास्तराशिवाय वरात म्हणजे काय, ते ज्यानं वाजवलीय त्यालाच ठाऊक. नवरदेवाचा चुलता दर थोड्या वेळानं विचारायचा, "क्लॅरोनेटवालं कुठं हाय?" आम्ही सांगायचो, "पोटात दुखायलंय." मग मी कॅसिओवर क्लॅरोनेटचं बटण दाबून वाजवलं. तो आवाज ऐकून शेळ्या ओरडायला लागल्या. शेवटी नवरीच्या बापानं सगळ्या पाव्हण्यांसमोर हात जोडले. म्हणाला, "माझी धाकटी पोरगी अजून लग्नाची हाय. तिच्या वक्ताला तुमी येऊ नगा. माझी इनंती हाय."

महबूबभाई टेम्पो दुरुस्त करून आले तेव्हा त्यांना हे सगळं कळलं. ते ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "बस हो गया. दूसरा मास्टर देखते. दत्ता, कल तू जा. क्लॅरोनेट दे को आ, होर बोल दे को आ."

"मीच कामून?"

"तू मीठा बोलता."

गोड बोलून माणसाला कामावरून कसं काढायचं, याचा विचार करत दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळ्ळीखेडला उतरलो. विचारत विचारत घर सापडलं. कुत्रं कुठंच दिसलं नाही. ओसरीवर एक गोरी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई सुपात तुरी घेऊन बसली होती. माझ्याकडं बघून ती दचकली. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या क्लॅरोनेटकडं गेलं आणि तिचा चेहराच बदलला.

"मालकाच्या बँडातलं का तुमी? या, बसा. मालक वरातीला गेल्यात. यायलेत आता."

मी चक्रावलो. मास्तर काल दुपारी निघालेले. अजून पोचले नाहीत? वाटेत काही झालं की काय? मी विचारणार, तेवढ्यात समोर बोळाच्या कोपऱ्यावर, लिंबाच्या झाडाखाली मास्तर उभे दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गप्प बस, अशी खूण केली.

मग त्यांनी शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि चालत आले. पायरीशी चपला मुद्दाम जोरात आपटून काढल्या.

"काशे, आलो गं."

बाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "आलाव व्हय? केवढा उशीर!" ती लगबगीनं आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. मास्तर भिंतीला टेकून बसले. खरंच बसले, मांडी घालून. असे निवांत बसलेले मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते मला दुसराच कुणी माणूस वाटत होते.

"लगीन झालं का चांगलं?"

"झकास झालं. मोठा मांडव हुता."

"नवरी कशी हाय?"

"सावळी हाय. नाकात नथ. हिरवं लुगडं, त्याला जांभळे काठ. आईच्या गळ्यात पडून लई रडली."

कालच्या लग्नात मी दिवसभर होतो. नवरीचं लुगडं कसलं होतं ते मला सांगता आलं नसतं. बाई मात्र हनुवटीला हात लावून ऐकत होती, जणू ते लुगडं तिच्यासमोर उलगडून ठेवलंय.

"ताक आणते," म्हणून ती आत गेली. मास्तर माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "गडबड करू नगंस."

ती ताकाचा गडू घेऊन उंबऱ्यात आली आणि थांबली. मास्तरांकडं बघितलं. एका हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि भिंतीला सरकली.

"तुमी कोन म्हनायचं? मालक घरी न्हाईत."

मास्तर लगेच उठले. मान खाली घालून म्हणाले, "बँडवालाच हाव, अक्का. मास्तर मागून यायलेत."

चपला हातात घेऊन ते बाहेर पडले. मी त्यांच्या मागं गेलो.

लिंबाखाली येऊन ते म्हणाले, "दोन-चार सालं झाली. आधी भांडी इसरायची. मग लेकीचं नाव इसरली. आता असं हाय. बसलेला मानूस तिला वळखू येत न्हाई. आलेला येतो."

"आलेला?"

"जलमभर मी आलोच की, दत्ता. लग्नं, जत्रा, उरूस. चार दिसानी यायचो, पानी प्यायचो, परत जायचो. घरात बसलो कवा? आता बसायला बघतो, तर तिला वाटतंय कोन परका मानूस घरात शिरलाय. भेती. म्हनून मी उठून जातो. फिरून येतो. आलो की परत मालक." ते जरासं हसले. "दिसातून लई बार येतो मी. दर बारीला पानी देती."

"आणि काल?"

"माझी बहीन बघती तिला, मी रस्त्यावर असलो की. काल वाटंतच तिचा फोन आला, पाच वाजता तिच्या गावाला जायचं म्हनली. थांब म्हनायला परत फोन लागंना. ही एकटी राह्यली असती."

"आम्हाला सांगायचं तरी मास्तर."

"सांगून काय करू? लोक बघायला यीतेल. नवीन तोंडं बघून ती जास्त भेती. तुझ्या हातात क्लॅरोनेट हुतं म्हनून न्हाई भ्याली."

मी क्लॅरोनेट त्यांच्या हातात दिलं. ज्या कामाला आलो होतो ते बोललो नाही. पुढचं लग्न गुलबर्ग्याला आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते दाराकडं वळले. मागून मला चपला आपटल्याचा आवाज आला, आणि "आलाव व्हय?"

महबूबभाईंना मी सगळं सांगितलं. ते फडक्यानं टेम्पोची काच पुसत होते. ऐकता ऐकता तीच जागा पुसत राहिले. "भाभी के हात की भाकर खाया मैं," एवढंच म्हणाले. "बहुत बार खाया." दुसऱ्या मास्तराचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

गुलबर्ग्याचं लग्न सकाळचं होतं. परतताना फाटा आला. मास्तर उडी मारायच्या बेतात होते, पण महबूबभाईंनी टेम्पो थांबवलाच नाही. सरळ गावात घातला.

"महबूब! अरं, कुठं चाललास?"

"बैठो मास्टर. जरा बैठो."

लाल कोट घातलेली आम्ही सगळी माणसं ढोल-ताशांसकट त्या ओसरीसमोर उतरलो. काशक्का दारात आली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. ती आमच्यावरून नजर फिरवत फिरवत त्यांच्यापर्यंत आली.

"आलाव व्हय? आनि एवढी मानसं आनल्याव, सांगून तरी ठिवायचं! पीठ कुठनं आनू मी?"

ती नणंदेला हाका मारत आत पळाली. चूल पेटली. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. ताटं वाट्या कमी पडल्या, शेजारून आल्या. महबूबभाई चुलीपाशी जाऊन म्हणाले, "भाभी, पैचाने क्या?" तिनं ओळखलं नाही, पण त्यांना पहिली भाकरी दिली.

मास्तर भिंतीला टेकून बसले होते. थोड्या वेळानं बघतो तर ते झोपलेले. तोंड उघडं, मान कलंडलेली. काशक्का चटणीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर थांबली. आम्ही सगळे घास हातात धरून बसलो.

तिनं वाकून मला हळूच विचारलं, "हे कोन झोपलंय?"

"मास्तर हाईत, अक्का. दमून आल्यात."

ती बराच वेळ बघत राहिली. तिला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. "झोपू द्या मग," म्हणाली. त्यांच्या पायाजवळचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. आम्ही बँडवाले, पण त्या दिवशी आवाज न करता जेवलो.

ऊन ओसरीत सरकत आलं होतं. ते मास्तरांच्या तोंडापर्यंत पोचलं, तशी ती उठली आणि त्यांच्या अंगावर सावली पडेल अशी, उन्हाकडं पाठ करून बसली.