राक्षसाच्या राज्यात बुलडोझर

राक्षसाच्या गुहेसमोर उभं राहून श्रीपतराव पहिला प्रश्न विचारत, तो जमिनीबद्दल. मुरूम हाय का काळी माती? राजकन्या आत कोंडलेली, राक्षस दात काढून उभा, आणि माती कळल्याशिवाय हे गृहस्थ बुलडोझर पुढे घ्यायला तयार नसत. काळ्या मातीत मशीन रुततं, म्हणत.

खरं तर हा गोष्टीचा खेळ माझा होता. एकाहत्तर साली मी बेलापूरला शाळेत शिक्षक होतो, तेव्हा मीच तो काढला. रविवारी दुपारी आमच्या घरात फरशीवर खडूने डोंगर, नद्या, राज्यं आखायची. गोष्ट मी सांगायची. पोस्टमास्तर राजा, दवाखान्यातले कंपाउंडर चोर आणि माझी बायको सुमन चेटकीण. कोणी काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं आणि जमलं की फसलं ते सहा कवड्या टाकून बघायचं. चार उताण्या पडल्या की जमलं. ही मंडळी दुपारभर माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग एकदा कंपाउंडर श्रीपतरावांना घेऊन आले. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधले निवृत्त फिटर, एकटेच राहणारे. मी त्यांना तलवार देऊ केली. त्यांनी पिशवीतून तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा बुलडोझर काढला. वीतभरसुद्धा नव्हता, पण पुढचं पातं वर-खाली व्हायचं. पुढच्या रविवारी दोऱ्यावर चालणारी क्रेन आली.

झालं, माझ्या राज्याची वाट लागली. मी आठवडाभर डोकं खाजवून अथांग दरी काढावी आणि यांनी ती दोन डावांत भरून टाकावी. सात फण्यांचा नाग आणला, तर क्रेनने उचलून शेजारच्या राज्यात ठेवला. मारायचं कशाला, अडचण हुती, हलवली, असं वर म्हणाले. डिझेल संपलं हे स्वतःच जाहीर करून ते मशीन थांबवत, की आमचे राजेसाहेब लढाई टाकून डिझेल आणायला निघत. चेटकीण क्रेनचा दोरा धरून खिदळत असे. माझ्या गोष्टीला सुमन इतकी कधी हसली नव्हती. मी जळत होतो. जेवताना जळायचो, वर्गात हजेरी घेताना जळायचो.

शेवटी एका रविवारी मी गोष्टीत शाप घातला. या भूमीवर सात वर्षं लोखंड चालणार नाही. कंपाउंडर माझ्याशी भांडले. सुमन चहा टाकायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. श्रीपतरावांनी मात्र साहेबाचा हुकूम ऐकावा तसं "बरं" म्हटलं, दोन्ही मशिनं फडक्याने पुसली आणि पिशवीत ठेवली.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी जीव तोडून गोष्ट सांगितली. राक्षस मेला, राजकन्या सुटली आणि मंडळी जांभया देऊ लागली. जाऊन त्यांना घेऊन या, असं सुमनने सगळ्यांदेखत सांगितलं. मी पाय ओढत गेलो.

श्रीपतराव खोलीच्या दारात बसले होते. धुतलेला सदरा, गुळगुळीत दाढी. कुठे निघालात, मी विचारलं.

"कुटं न्हाई. रविवार म्हनून सकाळी दाढी केली, मग शाप आठवला." त्यांनी सरकून मला उंबऱ्यावर जागा केली. "गुरुजी, माझ्या वयाला सात वर्सं लई हुतात. मशिनं घरी ठिवतो. नुस्तं बसायला आलो तर चालंल का?"

मला माझी लाज वाटली. शाप उठला, मी म्हणालो. पण ते काही ऐकेनात. कुणाला दया आली म्हणून शाप उठत नसतो, कवड्या टाका, म्हणाले. माझ्यामागे कुणी डाव मांडू नये म्हणून कवड्या मी खिशातच ठेवत असे. उंबऱ्याशी बसून टाकल्या. दोनच उताण्या पडल्या. श्रीपतराव चष्मा घालून वाकायच्या आत मी कवड्यांवर हात ठेवला.

"चार," मी म्हणालो. "चला, आणि क्रेनपण घ्या."