तीन टोचण्या, सतरा चट्टे

रंगरावांनी ओसरीवर बसूनच निकाल देऊन टाकला. "आधी सुनेले टोचा. आठ दिवसांत तिले काही नाई झालं, तं मंग माह्या नातवाले हात लावा."

देवीची लस टोचायला केनवडात आलेल्या दौलतसिंगांनी प्रयागच्या दंडावर तीन टोचण्या दिल्या, आठव्या दिवशी येतो म्हणाले आणि सायकल वळवली. शेजारच्या गावात देवीची साथ होती. मांडीवरच्या सात महिन्यांच्या जगदेवला प्रयागने घट्ट धरलं. आठच तर दिवस.

पाचव्याच दिवशी घात झाला. तिच्या कोपरावर लहानपणापासून एक खपलीचा चट्टा होता, चोळीच्या बाहीखाली झाकलेला. सर्दी-ताप आला की तो उसळायचा. टोचणीनंतर तर असा पेटला की दंडभर, नडगीभर लाल चट्टे उठले, वर रुपेरी कोंडा. प्रयागने एका हाताने पदर ओढून धरला नि दुसऱ्या हाताने ताक घुसळायला घेतलं. अर्थातच डेरा कलंडला. तो सावरायला दोन्ही हात पुढे गेले, ते नेमके सासूच्या नाकासमोर.

गिरजाबाई तिची सासू आणि सख्खी आत्याही. तिने तो हात नीट न्याहाळला. मग ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवीमाय आली घरात. चपला बाहेर काढा."

दारावर कडुलिंब लागला. देवीला चालत नाही म्हणून फोडणी बंद झाली. प्रयागला बाजेवर बसवून समोर दहीभात ठेवला. शेजारच्या मनकर्णाबाई पाया पडून, आपल्या सुनेसाठी थोडी अक्कल मागून गेल्या.

"आत्याबाई, आता लेकराले कोणी टोचू देत नाई," प्रयागचे डोळे भरले.

"चूप बस. देवी रडत नसते."

आठव्या दिवशी दौलतसिंग आले. रंगराव दारात आडवे झाले. "पाहा तुमच्या टोचण्यानं काय केलं."

"माय घरातच हाय," गिरजाबाई म्हणाली, "तिलेच पुसा नं."

रंगरावांनी हात जोडले. "माय, नातवाले टोचू का नको?"

गिरजाबाईने प्रयागच्या अंगठ्याला बारीक चिमटा काढला. चार वर्षांत सासऱ्यासमोर तोंड न उघडलेली प्रयाग खणखणीत बोलली, "टोचा. अन् तुमी बी टोचून घ्या."

रंगरावांनी मुकाट्याने बाही वर केली. दौलतसिंग मात्र प्रयागच्या हातावरचे चट्टे मोजत होते. "मी तीन टोचल्या, हे सतरा कसे? बाई, ही काही देवी..."

"तुमी आधी टोचा, मंग बोला," गिरजाबाई म्हणाली.

आजोबा-नातू दोघांना टोचून झाल्यावर, अंगणाबाहेर पडताना दौलतसिंग गिरजाबाईला हळूच म्हणाले, "हे जुनं कातडीचं दुखणं हाय. ताप आला, टोचलं, की उसळते कधी कधी. ओसरन. कोणाले लागत नाई."

"ठाऊक हाय मले."

दुपारी करंजाचं तेल घेऊन गिरजाबाई बाजेशी बसली आणि तिने स्वतःची बाही वर सारली. कोपरावर तोच रुपेरी चट्टा. "तुह्या बापाले बी हाय."

"मंग मले देवी कायले केलं?"

"माहे दोन लेकरं देवीनं नेले. तवा बी टोचणारा दारातून परत गेला. मी टोचा म्हणत होती, माह्यं कोण आयकते?" तिने तेलाचा हात प्रयागच्या कोपरावर फिरवला. "देवीचं आयकते."

बाहेरून दंड चोळत रंगराव बोलले, "आयकलं का? मायले पुसजो, आता फोडणी चालते काय म्हणून."

प्रयागने झोपलेल्या जगदेवच्या दंडावर फुंकर घातली आणि हसू दाबत म्हणाली, "दोन दिवस अजून नाई म्हना."