सासूबाई सशावर जातात

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. मी पालीला घाबरतो, कुकरच्या शिट्टीला घाबरतो. मानपाड्याला आमच्या कंपनीत साहेबांनी घंटी वाजवली की मी उठून उभा राहतो (घंटी शिपायासाठी असते). पण या सगळ्यांत माझी सगळ्यात मोठी भीती म्हणजे आकाशपाळणा. त्या रविवारी जे काही घडलं, ते मी आकाशपाळणा टाळायला गेलो म्हणून घडलं.

शहाण्णव सालचा मे महिना. घोडबंदर रोडला ‘मौजनगरी’ नावाचं मोठं पार्क नव्यानेच उघडलं होतं आणि आमच्या दोन्ही पोरांनी तिथे जायचा धोशा लावला होता. त्यात माझा मेहुणा कान्हा बोटीवरून सुट्टीवर आलेला. कान्हा परदेशी बोटीवर काम करतो आणि दर खेपेला काहीतरी अचाट वस्तू घेऊन येतो. या खेपेला त्याने अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून आईसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, एक गाडी आणली होती.

गाडी म्हणजे काय, तर खुर्चीला चाकं लावायची, पुढे स्कूटरसारखं हँडल लावायचं आणि खाली बॅटरी. तिकडे म्हणे ज्यांचे गुडघे गेलेत ती मंडळी अशा गाडीवर बसून बाजारहाट करतात. गिअर नाही, क्लच नाही, ब्रेक नाही. हँडलपाशी एक दांडी, ती अंगठ्याने दाबली की गाडी चालते, सोडली की थांबते. शेजारी चालू-बंद करायची किल्ली आणि मधोमध वेगाचं गोल बटण. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं.

“दाजी, कासवावरच ठेवायचं हां,” कान्हाने मला बजावलं. “सशाला हात लावायचा नाय.”

मी कशाला लावतोय? मी आयुष्यभर कासवावरच आहे.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. मनुबाई, राहणार दिवा. उभं आयुष्य मिठागरात गेलं. खाऱ्या चिखलात उभं राहून राहून गुडघ्यांचं पार वाटोळं झालं. दोन-तीन वर्षं तर त्या घराच्या ओट्यापलीकडे गेल्या नव्हत्या. लग्नानंतर मला कावीळ झाली होती, तेव्हा हीच बाई त्याच गुडघ्यांनी दिव्याहून रोज डोंबिवलीला यायची आणि कसलासा कडू पाला माझं नाक दाबून पाजायची. मी तिला घाबरतो. पण तिच्यावर माझा जीवही आहे, आणि या दोन गोष्टी एका माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतात हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.

टेंपोतून गाडी मौजनगरीच्या पार्किंगमध्ये उतरवली. जोडली. सासूबाईंनी बसायला साफ नकार दिला.

“नवी गारी एकवीरा आयच्या पायाशी नेल्याबिगर कोन चालवतं? कान्हा, तुना अक्कल हाय का नाय?”

मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे नवी सायकल घेतली तरी आधी कार्ल्याचा डोंगर, मग बाकीची दुनिया. पोरं रडकुंडीला आली. कान्हा डोकं खाजवू लागला. तेव्हा मी पुढे झालो (मी पुढे झालो की समजावं, काहीतरी बिघडणार).

“आई, एकवीरेला पुढच्या रविवारी नक्की नेऊ. आज नारळ फोडू, लिंबू-मिरची बांधू. देवी समजून घेईल.”

सासूबाईंनी विचार केला आणि मान डोलावली. गेटबाहेरच्या दुकानातून मी स्वतः लिंबू-मिरची आणली. लिंबू निवडून चांगलं टपोरं घेतलं. जावयाने सासूसाठी आणलेलं लिंबू, सुकलेलं कसं चालेल? नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू लावलं, आणि लिंबू-मिरचीचा काळा दोरा बांधायला जागा शोधू लागलो. हँडलपाशी ती दांडी छान बाहेर आलेली होती. जणू त्यासाठीच केलेली. मी दोरा तिलाच बांधला आणि सुटू नये म्हणून गाठींवर गाठी मारल्या.

“बेस बांधलंत,” सासूबाई म्हणाल्या. सासूने कौतुक केलं म्हणून मी फुशारलो.

आत पाऊल ठेवलं आणि माझं धाबं दणाणलं. ही गर्दी! ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सगळी पोरंटोरं, त्यांचे आईबाप, पाण्याच्या बाटल्या, पुरणपोळ्यांचे डबे. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर तो आकाशपाळणा, आभाळात गरगरत होता. त्यातून किंकाळ्या ऐकू येत होत्या, आणि लोक तशा किंकाळ्या मारायला रांग लावून उभे होते.

“चला,” शकू म्हणाली. शकू म्हणजे माझी बायको. तिला कशाचीच भीती वाटत नाही. मला होकार दिला होता, यावरून ओळखा.

“तुम्ही जा,” मी म्हणालो. “मी आईंजवळ थांबतो. त्यांना एकटं सोडणं बरं दिसत नाही.”

शकूचे डोळे भरून आले. नवऱ्याला आपल्या आईची एवढी काळजी! तिने पर्स माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, “अहो, आई किती दिवसांनी घराबाहेर पडलीय. नीट सांभाळा हां. तिला काही झालं ना, तर मी तुम्हाला आयुष्यात माफ करणार नाही.”

ती हसून म्हणाली, पण मी अठरा जणांच्या सासरचा जावई आहे. ते हसणं मला कळतं. मंडळी पाळण्याकडे गेली आणि मी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता बाहेर पडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “चला जावयबापू, बत्तकं बगू.”

बदकं उताराच्या टोकाला, तळ्यात होती. सासूबाईंनी दांडी दाबली. गाडी गुरगुरली आणि कासवाच्या चालीने निघाली. मी पर्स घेऊन शेजारून चालू लागलो. थोडा वेळ खरंच छान वाटलं. सासूबाई राणीसारख्या बसल्या होत्या. लोक वाट देत होते. भेळेच्या गाडीशी मी म्हणालो, “थांबा आई, भेळ घेऊ.”

“थांबा कशी? मी बोट कवाचा सोरलाय.”

मी पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. गाडी चालतच होती.

काय झालं होतं ते सांगतो. दांडी दाबली की तिच्या मागे फट पडत होती. मी बांधलेलं ते टपोरं लिंबू झोके खात खात त्या फटीत जाऊन घट्ट बसलं होतं. आता दांडी परत येणं शक्य नव्हतं. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या लिंबानेच घात केला होता. बांधलं कोणी? मी!

माझी पाचावर धारण बसली. लिंबू ओढून पाहिलं, निघेना. दोरा तोडायला गेलो तर गाठी कुठे सुटतात! गाडी आपली निवांत चाललेली, मी शेजारून तिरका धावतोय, एका हातात लेडीज पर्स, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला “सॉरी हां, सॉरी, जरा बाजूला,” म्हणतोय. आपण नुसतं मेलो असतो तरी चाललं असतं असं वाटू लागलं.

तेवढ्यात कान्हाचे शब्द आठवले. किल्ली फिरवली की गाडी जागच्या जागी बंद! मी हँडलवर झडप घातली, हाताला गोल काहीतरी लागलं, ते डोळे मिटून गर्रकन फिरवलं.

ते बटण होतं. सासूबाई सशावर गेल्या.

आता ससा म्हणजे काही राजधानी एक्स्प्रेस नव्हे. धावता माणूस गाठू शकेल एवढाच तो वेग. पण माणूस कोण, यावर सगळं अवलंबून असतं ना! गाडी उताराला लागली. पुढे तळं, मागे मी.

“बाजू व्हा! बाजू व्हा रे पोरांनो!” सासूबाई ओरडत होत्या.

“धरा! कोणीतरी धरा!” मी ओरडत होतो.

रांगेतला एकजण मला थांबवून म्हणाला, “काका, ह्या राइडचं तिकीट कुठे मिळतं?”

पार्काने लोकांना हसवायला अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस ठेवला होता. तो हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मला वाटलं, देवासारखा आला. पण गाडी जवळ आल्यावर त्या अस्वलाने सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि उडी मारून बाजूच्या झुडपात घुसलं. मग वरून आवाज आला, “अहोऽऽ! आईला धराऽऽ!” मला आधी आकाशवाणीच वाटली. वर पाहिलं तर आकाशपाळणा अगदी टोकाला थांबलेला, आणि त्यातून शकू अर्धी बाहेर वाकून सगळं बघत होती.

तळं जवळ आलं. मध्ये कठडा नव्हता, नुसता फुटभर उंचीचा दगडी कट्टा, आणि तोही नेमका समोर तुटलेला. सासूबाईंचं पांढरं डोकं पुढे पुढे चाललं होतं. खरं सांगतो, तेव्हा मला शकूची भीती वाटली नाही, कान्हाची नाही, दिव्याच्या त्या अठरा जणांचीही नाही. नाक दाबून कडू पाला पाजणारी ती म्हातारी माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात जाणार, एवढंच दिसत होतं. असा घाबरलो, की आयुष्यात तसा कधी घाबरलो नाही. आणि त्या भीतीने मी धावलो. पर्स टाकली, चप्पल सुटली, तरी धावलो.

गाठलं! मागून उडी मारून गाडीवर लोंबकळलो.

“जावयबापू,” घुसमटलेला आवाज आला, “गला सोरा माजा. मना श्वास घेवाला द्या.”

मी सासूबाईंच्या गळ्याला मिठी मारली होती. ती सोडवून हात पुढे घातला, हाताला लागल्या त्या मिरच्या धरल्या आणि ‘आई एकवीरे!’ म्हणून जीव खाऊन हिसका दिला. दोरा तुटला, लिंबू उडालं, दांडी मागे आली. आणि अमेरिकन गाडी तुटक्या कट्ट्याच्या वीतभर अलीकडे जागच्या जागी थांबली.

गाडी थांबली. सासूबाई थांबल्या. मी थांबलो नाही. मी त्यांच्या डोक्यावरून बदकांत गेलो.

“बुडालो! वाचवा! बुडालो!”

मी हातपाय मारत होतो. नाकातोंडात पाणी, आजूबाजूला बदकांचा कल्लोळ, मिरच्यांचा हात डोळ्यांना लागलेला. काठावर ही गर्दी जमली. सासूबाई गाडीतून वाकून शांतपणे म्हणाल्या, “जावयबापू, उभे रवा.”

मी उभा राहिलो. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन बदकंही पंख फडफडवत होती, पण ती कौतुकाने नसावीत. मला हात देऊन बाहेर काढलं, तेव्हा लक्षात आलं की माझे पाय चालत नाहीत. घोटा मुरगळला होता, आणि जो धड होता तो पाय भीतीने लटलट कापत होता. डोळ्यांतून मिरच्यांचं पाणी वाहतंय, दात वाजतायत, तोंडातून शब्द फुटत नाही. बोबडी वळणं म्हणतात ते हेच.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीचा दांडा धरून त्या हळूहळू उभ्या राहिल्या.

“बसा,” म्हणाल्या.

“आ... आई... तुमचे गु... गुडघे...”

“गुरघे मेले रोजचेच हायत. तुमी माजेसाटी उरी मारलीत. बसा गुपचूप.” असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदराने माझं तोंड पुसलं. मला भरून आलं, म्हणजे डोळ्यांना आणखी एक कारण मिळालं.

मी बसलो. बटण कासवावर. मी दांडी दाबत होतो आणि सासूबाई खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन, लंगडत पण ताठ मानेने शेजारून चालत होत्या. मी मान एका बाजूला टाकून, थरथरत, नाक ओढत बसलो होतो. आकाशपाळण्याखाली शकू उतरून धावत येताना दिसली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि मी खात्रीने सांगतो, थोडा अभिमानही होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

एवढ्यात ठाण्यातल्या नौपाड्याकडच्या वाटणाऱ्या एक नऊवारीतल्या बाई आमच्यापाशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे अतिशय करुणेने पाहिलं, सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “मुलगा का हो तुमचा? जन्मापासूनच असा आहे का?”

सासूबाईंनी मला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि एक खोल सुस्कारा सोडला.

“नाय गो बाय, जावय हाय,” त्या म्हणाल्या. “लग्नात बरा दिसत होता.”