स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती

उत्तमभाऊ वानखडे एसटीत प्रवासी म्हणून बसले तरी ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरतात आणि अकोल्यापासून अमरावतीपर्यंत त्याच्याशी बोलत राहतात. त्याला डुलकी लागू नये म्हणून. ते स्वतः अकोट डेपोत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, तरी दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग पाहिलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो.

अकोल्यात आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. त्यांची पत्नी वारली, मुलगी बंगळुरात असते. म्हणून हर्निया निघाला तेव्हा दवाखान्यात त्यांच्यासोबत मी गेलो.

"दुर्बिणीतून करू, किरकोळ आहे," सर्जन म्हणाले. "पूर्ण भूल देऊ. तुम्हाला काही कळणारही नाही."

रिक्षात बसताच उत्तमभाऊ कडाडले, "कळनारच नाई? मंग गाडी कोन चालवून राहिलं, हे मले कसं समजन?"

त्या दिवसापासून कॉलनीत भूल घेतलेला एकही माणूस त्यांनी सोडला नाही. पित्ताशय काढलेल्या देशमुखकाकूंना त्यांनी भर भाजीबाजारात अडवलं. "मधात काय दिसलं? उठवलं कोनं? पयल्या हाकेत उठल्या काय?"

"भाऊ, मले तं काहीच आठवत नाई."

"पाहा! काहीच आठवत नाई!" ते माझ्याकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाले. काकू कोथिंबीर न घेताच निघून गेल्या.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही जायला नको, अशी दवाखान्याची ताकीद होती. सकाळी उत्तमभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकातच उभे होते. लग्नाला निघाल्यासारखे.

भूल देणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तोंड उघडण्याआधी उत्तमभाऊंनीच चौकशी सुरू केली.

"मॅडम, रात्री झोप झाली काय? डबल ड्युटी तं नाई ना?"

"झाली, काका. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं?"

"छे! कडक उपास हाय. गजानन महाराजाले बोललो तसं."

"पाणीसुद्धा नाही?"

"आता उसळीवर पानी तं प्यावंच लागते."

"कोणती उसळ?"

"साबुदान्याची. उपासाले चालते ना!"

डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, जीवावर बेतू शकतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं.

मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. पण ते जिना उतरतानाच फुलले होते.

"पाह्यलं? पक्की ड्रायव्हर हाय बाई! ब्रेक तपासल्याबिगर गाडी काढत नाई. मी आता हिच्याच गाडीत बसतो."

दोन दिवसांनी ते खरोखरच उपाशी आले. स्ट्रेचरवर मात्र त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"झोपवतीन तं त्या. पन उठवन कोन?"

"त्याच उठवतील."

"नावानं हाक मारतीन ना? घरी तं आता अलारामच उठवते." एवढं बोलून त्यांनी माझं मनगट सोडलं. स्ट्रेचर आत गेलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर आणायच्या खोलीत मला पडद्यापाशी उभं राहू दिलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. "उत्तमराव! उत्तमराव, डोळे उघडा."

त्यांनी डोळे उघडले. बाईंकडे पाहिलं आणि जडावलेल्या जिभेने म्हणाले, "आनखी एक डाव हाक मारा."

मग डोळे पुन्हा मिटून घेतले. जागे होते, पापण्या थरथरत होत्या. बाईंच्या ते लक्षात आलं. शेजारच्या खाटेकडे निघालेल्या त्या परत फिरल्या, खाली वाकल्या.

"उत्तमराव, उठा. सकाळ झाली."

बाहेर भर दुपार होती.